सक्करै पोंगलमधील गूळ आणि तूप : कावेरीच्या खोऱ्यातील एका घराचा प्रकरण अभ्यास

तमिळनाडूत थै महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे १४ किंवा १५ जानेवारीला, अंगणात सूर्यासमोर जो गोड भात शिजवला जातो त्याला सक्करै पोंगल म्हणतात. नव्या हंगामाचा तांदूळ, भाजलेली मूगडाळ, गूळ, तूप, काजू, वेलची आणि चिमूटभर खाण्याचा कापूर हे त्याचे मुख्य घटक आहेत. कुंभकोणमजवळच्या एका शेतकरी कुटुंबात हा पदार्थ अधिक आरोग्यदायी करण्याचा प्रयत्न झाला, त्याची ही हकिगत आहे. आहारतज्ज्ञ म्हणून मी त्यात सहभागी होते. कुटुंबाच्या संमतीने आणि कोणाचेही नाव न घेता ती येथे मांडत आहे.

घरातील सून मूळची साताऱ्याची असून नोकरीनिमित्त पतीसह चेन्नईत राहते. तिच्या सासूबाईंना, ज्यांना ती तमिळ रीतीप्रमाणे अत्तै म्हणते, अनेक वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. त्या गोळ्या नियमित घेतात, रोजच्या जेवणात भाताचे प्रमाण सांभाळतात, परंतु जानेवारीच्या मध्यानंतर त्यांची साखर दरवर्षी बिघडते आणि ती पूर्वपदावर यायला फेब्रुवारी उजाडतो. डॉक्टरांनी गोड बंद करा असे सांगितले होते आणि अत्तैंनी ते ऐकून घेतले होते. पण ज्या बाईने अंगणातील चूल स्वतः पेटवायची, उतू जाणाऱ्या दुधाकडे पाहत घरादाराबरोबर ‘पोंगलो पोंगल’ म्हणायचे आणि केळीच्या पानावर नैवेद्य दाखवायचा, तिने तो प्रसाद तोंडात घालायचा नाही, हे कोणत्याही घरात पाळले जाणार नाही. सुनेने माझ्याकडे विचारणा केली ती नेमकी हीच अडचण घेऊन. गोड बंद करायचे नसेल, तर त्यात नक्की काय बदलता येईल?

मी प्रथम मूळ कृतीची मापे मागवली. घरात वजनकाटा नव्हता. अत्तै सगळे पितळी मापाने आणि ओंजळीने घालतात. सुनेने एका सुट्टीत त्यांच्या शेजारी उभे राहून प्रत्येक जिन्नस पातेल्यात पडण्यापूर्वी तोलून घेतला. तांदूळ २०० ग्रॅम, मूगडाळ ५० ग्रॅम, दूध पाव लिटर, गूळ ४०० ग्रॅम, तूप १५० ग्रॅम, काजू आणि बेदाणे प्रत्येकी ३० ग्रॅम. शिजल्यावर सुमारे १ किलो ७०० ग्रॅम पोंगल झाले आणि घरातील नेहमीच्या वाटीने त्याच्या १२ वाट्या भरल्या. अन्नघटकांच्या प्रचलित कोष्टकांवरून हिशेब केला तेव्हा एका वाटीत सुमारे ३५० कॅलरी, ३३ ग्रॅम गूळ, साडेबारा ग्रॅम तूप आणि एकूण ४९ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके निघाली. अत्तै सणाच्या सकाळी अशा दोन वाट्या घेत असत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार अन्नात वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि गूळ, मध, साखर हे सारे त्यात मोजले जाते. दिवसाला १८०० कॅलरी खाणाऱ्या व्यक्तीसाठी ही मर्यादा ४५ ग्रॅम होते. गुळातील ओलावा आणि क्षार वगळले तरी दोन वाट्यांतून साठ ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जात होती.

दुसरी गोष्ट अशी की एकट्या पोंगलचा विचार करून चालणार नव्हते. सणाच्या पानावर सक्करै पोंगलच्या जोडीला बिनगोडाचे वेण्पोंगलही असते, म्हणजे पुन्हा भातच. शिवाय उडदाचे वडे असतात, आणि दुपारभर घरातील सगळेच ऊस सोलून खात बसतात. माहेरहून लेकीला येणाऱ्या पोंगलच्या भेटीत तांदूळ, गूळ आणि ऊस असतो. रेशन दुकानातून शासनाची जी पोंगल भेट मिळते तीत गेल्या काही वर्षांत एक किलो तांदूळ, एक किलो साखर आणि एक अख्खा ऊस असतो. घरात गोड वस्तूंचा साठा या आठवड्याइतका वर्षात एरवी कधीच नसतो, आणि शेजाऱ्यांकडून येणाऱ्या डब्यांमुळे तो लवकर संपतही नाही. साखर महिनाभर बिघडण्याचे कारण सणाची सकाळ नसून त्यानंतरचे आठ-दहा दिवस आहेत, असे माझे मत या टप्प्यावर बनले आणि ते पुढे बदलले नाही.

काय बदलायचे नाही

अशा प्रकरणात बहुतेक वेळा काय काढून टाकायचे इथून सुरुवात होते आणि तिथेच ते फसते. आम्ही उलट बाजूने निघालो. काय अजिबात बदलणार नाही, हे अत्तैंनी आधी सांगावे असे ठरले. त्यांचे उत्तर थोडक्यात होते. “तांदूळ आपल्या शेतातला, या हंगामाचा. दूध उतू गेलं पाहिजे. आणि गूळ हवा, गुळाच्या जागी दुसरं काही नको. बाकी माप कुणी ठरवून दिलंय?” त्यांचे यजमान, म्हणजे सुनेचे सासरे, ज्यांना ती तमिळ रीतीप्रमाणे मामा म्हणते, यांना नैवेद्याच्या पदार्थात काटकसर करणे पसंत नव्हते. थैच्या आधीच्या मार्गळी महिन्यात वैष्णव देवळांत अक्कारवडिसल नावाचा जो याच घराण्यातील पदार्थ होतो, त्यात कोपरापर्यंत तूप ओघळावे असे वर्णन परंपरेत आहे, आणि सणाच्या भातावर तुपाचा तवंग दिसलाच पाहिजे ही अपेक्षा त्या भागात सर्वत्र आहे. मात्र अत्तैंनी त्यांना एका गोष्टीची आठवण करून दिली. अत्तैंच्या सासूबाई ज्या वर्षी पीक चांगले येत नसे त्या वर्षी गूळ मूठभर आणि तूप चमच्याने घालीत, आणि तोही नैवेद्यच होता. घरात दुभती जनावरे वाढली, हाती पैसा आला, तसे माप वाढत गेले. मामांनी यावर वाद घातला नाही.

ही माहिती मला फार मोलाची वाटली. परंपरेतील पदार्थ म्हणजे एक ठरलेले प्रमाण असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात कोणते जिन्नस असावेत आणि कोणत्या क्रमाने पडावेत हे परंपरा सांगते. किती घालावे हे त्या त्या घराची ऐपत आणि हात सांगतो. आम्हाला जी मोकळीक हवी होती ती इथेच सापडली.

जे पर्याय टिकले नाहीत

सुनेच्या मनात पहिला पर्याय राळ्यांचा होता, आणि तो सुचणे स्वाभाविक होते. तिच्या माहेरी भोगीच्या दिवशी राळ्यांचा भात होतो. तमिळमध्ये राळ्यांना तिनै म्हणतात आणि मुरुगन देवाला तिनैचे पीठ मधात कालवून अर्पण करण्याची रीत डोंगराळ भागात जुनी आहे. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर झाल्यापासून तिनैच्या सक्करै पोंगलची कृती जागोजागी आढळते. राळ्यांत तांदळापेक्षा तंतू आणि प्रथिने अधिक असतात, ही गोष्ट खरी आहे. परंतु कर्बोदकांच्या बाबतीत राळे तांदळापासून फार दूर नाहीत, आणि ते पोंगलसारखे मऊ होईपर्यंत घोटले की ते पचून साखरेत रूपांतरित होण्याचा वेगही वाढतो. त्यावर पुन्हा तेवढाच गूळ आणि तेवढेच तूप घातले तर हिशेबाची मोठी बाजू जागेवरच राहते. करून पाहिल्यावर आणखी एक अडचण दिसली. राळे गरम असताना छान लागले, पण निवताच दाणा दाणा सुटा आणि कोरडा झाला. तो मऊ ठेवण्यासाठी अत्तैंचा हात आपोआप तुपाकडे गेला, म्हणजे जे कमी करायचे तेच वाढले. शिवाय सांबा हंगामाचे भात नुकतेच घरात आलेले असताना सूर्याला दुसरे धान्य दाखवणे त्यांना मान्यच नव्हते. राळे त्यांनी रोजच्या न्याहारीसाठी ठेवले, आणि माझ्या मते त्यांची खरी जागा तीच आहे, कारण वर्षातून एकदा खाल्लेल्या राळ्यांपेक्षा आठवड्यातून तीनदा खाल्लेले राळे शरीराच्या अधिक कामी येतात.

साखरेला पर्यायी गोडी देणारी भुकटी एकदाच वापरली गेली. गूळ केवळ गोडी देत नाही. तो भाताला रंग, चिकटपणा आणि खमंग खारटसर चव देतो, आणि दाण्यांना धरून ठेवणारे वजनही देतो. भुकटी घातलेला भात फिका आणि पाणचट झाला. तो कोणी संपवला नाही.

करुप्पट्टी, म्हणजे ताडाच्या रसाचा गूळ, याबाबत मात्र थोडे थांबून लिहिणे आवश्यक आहे. ताड हा तमिळनाडूचा राज्यवृक्ष आहे, आणि करुप्पट्टी मधुमेहींना चालते असा समज त्या भागात घट्ट बसलेला आहे. आपल्याकडे सेंद्रिय गुळाबद्दल जे बोलले जाते त्याच जातीचा हा समज आहे. ताडगुळात थोडे खनिज पदार्थ अधिक असतीलही, पण तो मुख्यतः सुक्रोजच आहे, आणि खनिजांसाठी तो खायचा म्हटले तर जितका खावा लागेल तितकी साखर कोणत्याही मधुमेहीला परवडणार नाही. त्याचा उपयोग वेगळा आहे. त्याची चव उसाच्या गुळापेक्षा तीव्र, किंचित धुरकट आणि कडवट असते, त्यामुळे थोडा ताडगूळ मिसळला की एकूण गूळ कमी असूनही जिभेला तो भरपूर वाटतो. आम्ही तो चवीसाठी ठेवला, औषध म्हणून नव्हे. याच कारणाने उसाचा गूळही पिवळाधमक न घेता गडद तपकिरी घेतला. फिकट रंगासाठी गूळ अनेकदा रसायनाने साफ केलेला असतो आणि त्याला गोडीपलीकडे फारशी चव उरत नाही.

शेवटी ठरलेली कृती

तांदूळ १५० ग्रॅम आणि मूगडाळ १०० ग्रॅम. एकूण धान्य तेवढेच, पण डाळीचा वाटा दुप्पट. याहून अधिक डाळ घातल्यावर पोंगलला वरणाची चव येऊ लागली, म्हणून तिथे थांबलो. डाळ मंद आचेवर तांबूस होऊन घरभर वास सुटेपर्यंत भाजायची. भाजणे अर्धवट राहिले तर वाढलेली डाळ लगेच जाणवते. दूध पाव लिटरच ठेवले, कारण ते उतू जायला हवे. दूध उतू गेल्यावर पाणी घालून त्यात धुतलेले तांदूळ आणि डाळ टाकायची. पाणी मात्र पूर्वीपेक्षा सुमारे पाव लिटर अधिक.

पाण्याचा हा मुद्दा दिसायला किरकोळ आहे, पण तुपाची सगळी बचत त्यावर उभी आहे. भात निवताना त्यातील स्टार्च पुन्हा आवळू लागतो आणि पोंगल घट्ट गोळा होतो. तूप दाण्यांवर थर धरून तो आवळणे लांबवते, म्हणून पूर्वीपासून हात सैल सोडून तूप घातले जाते. तेच काम बऱ्याच अंशी जास्तीचे पाणी आणि विरघळलेली मूगडाळ करते. चुलीवरून उतरवताना पोंगल हवे त्यापेक्षा पातळ दिसले पाहिजे. अर्ध्या तासात ते बरोबर बसते. अत्तैंना ही पातळपणाची पायरी पहिल्यांदा पाहवली नाही आणि त्यांनी पातेले पुन्हा जाळावर ठेवले, त्या दिवशीचे पोंगल दुपारपर्यंत सुरीने कापावे असे झाले होते.

तांदूळ आणि डाळ बोटांत पूर्ण चुरडली जाईपर्यंत गूळ घालायचा नाही. साखरेच्या पाण्यात स्टार्च नीट फुगत नाही आणि अर्धवट शिजलेला दाणा तसाच टणक राहतो, हे प्रत्येक सुगरणीला अनुभवाने माहीत असते. उसाचा गूळ १५० ग्रॅम आणि करुप्पट्टी ७० ग्रॅम थोड्या पाण्यात विरघळवून, कचरा गाळून, पाक न करता कोमट होऊ द्यायची. दूध असलेल्या भातात उकळता गूळ ओतला तर दूध फाटण्याची भीती असते. या गुळातील तीन चतुर्थांश भाग आधी घालून भात घोटायचा, आणि उरलेला अगदी शेवटी वरून फिरवायचा, फारसा न ढवळता. त्यामुळे घासागणिक गोडी कमी-अधिक लागते आणि जीभ तिला अधिक गोड समजते. मीठ अगदी दोन चिमटी.

तूप एकूण ६० ग्रॅम. पूर्वी ते शिजताना अधूनमधून पडत असे आणि भातात जिरून जात असे. आता त्यातील दोन चमच्यांत काजू आणि ओल्या खोबऱ्याचे ३० ग्रॅम बारीक तुकडे तांबूस तळून घ्यायचे, आणि राहिलेले सगळे तूप वाढण्याच्या आधी वरून सोडायचे. वास आणि तवंग दोन्ही पृष्ठभागावर राहतात, त्यामुळे मामांच्या डोळ्यांना आणि नाकाला काही उणे वाटले नाही. बेदाणे काढून टाकले. वेलची, थोडी सुंठ, जायफळ आणि तांदळाच्या दाण्याएवढा खाण्याचा कापूर हे सारे ठेवले, सुंठ तर नव्याने आली. कापराबाबत एक सावधगिरी सांगायलाच हवी : पोंगलमध्ये घालतात तो ‘पच्चै कर्पूरम्’ म्हणून वेगळा विकला जातो. आरतीचा कापूर विषारी असतो आणि तो अन्नात कधीही पडता कामा नये. खाण्याचा कापूरसुद्धा दाण्याहून जास्त झाला तर पदार्थ कडू होतो.

तयार पोंगल १ किलो ६०० ग्रॅमच्या आसपास भरले. घरातल्या जुन्या वाट्या मोठ्या होत्या, म्हणून नैवेद्यासाठी ठेवणीतल्या लहान वाट्या बाहेर काढल्या. त्यांत १०० ग्रॅम मावते. अशा १६ वाट्या झाल्या, आणि एका वाटीत सुमारे १७० कॅलरी, १४ ग्रॅम गूळ, ४ ग्रॅमहून कमी तूप आणि २५ ग्रॅम कर्बोदके आली. प्रथिने शंभर ग्रॅममागे अडीचवरून सव्वातीन ग्रॅमवर गेली. ही वाढ किरकोळ आहे, आणि डाळ दुप्पट केल्याने पोंगल ‘प्रथिनयुक्त’ झाले असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

या आकड्यांकडे मी वेगळ्या रीतीने पुन्हा पाहिले. एका वाटीमागे १८० कॅलरी वाचल्या. जुनेच पोंगल केवळ लहान वाटीत वाढले असते तरी त्यांतील १०० कॅलरी वाचल्या असत्या. म्हणजे इतक्या खटाटोपाने बदललेल्या कृतीचा वाटा ८० कॅलरींचा आहे आणि वाटीचा त्याहून मोठा. हे सुनेला सांगितल्यावर तिने स्वाभाविकपणे विचारले, मग कृती बदललीच कशाला? माझे उत्तर असे की गुळाच्या बाबतीत कृतीचा वाटा अधिक आहे, कारण शंभर ग्रॅमला २४ ग्रॅम असलेला गूळ १४ वर आला. दुसरे असे की अतिगोड आणि तुपकट पदार्थाची लहान वाटी माणसाला अपुरी वाटते आणि हात पुन्हा पातेल्याकडे जातो. डाळीने दाटलेला, सुंठ-वेलचीच्या वासाचा, बेताचा गोड भात एका वाटीत पुरेसा वाटला. अत्तैंनी दुसरी वाटी मागितली नाही. मागू नका असे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते.

सणाचा आठवडा

पानावरील क्रम थोडा बदलला. आधी अवरैच्या शेंगा, लाल भोपळा, रताळे, वांगे आणि ओले वाल घातलेला कूट्टु, जो आपल्या भोगीच्या भाजीचा सख्खा भाऊ शोभेल, तो आणि एक वडा. मग सक्करै पोंगल. वेण्पोंगल अत्तैंच्या पानावर प्रसादापुरते, एक घास. भाजी आणि डाळ आधी पोटात गेल्याने त्यानंतरच्या गोडाची साखर रक्तात सावकाश उतरते, आणि मधुमेही व्यक्तीला यासाठी वेगळे काही शिजवावे लागत नाही. जेवणानंतर अत्तै वेशीवरच्या देवळापर्यंत चालत गेल्या. दोन तासांनी घेतलेली साखर डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत होती. मी या एका आकड्याला फार महत्त्व देत नाही, कारण त्या दिवशीचे चालणे, गोळीची वेळ आणि आदल्या रात्रीचे जेवण या सर्वांचा त्यावर परिणाम होतो, आणि एका सकाळच्या मापावरून कोणत्याही कृतीला मधुमेहींसाठी योग्य असे प्रमाणपत्र देता येत नाही.

खरी कसोटी पुढच्या दिवसांची होती. माट्टु पोंगलला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, गुराढोरांना पोंगल भरवतात. तेव्हा उरलेले सगळे गोठ्यात गेले, शिळे पोंगल तुपात परतून खाण्याची सवय त्यामुळे आपोआप मोडली. शेजारच्या घरांतून आलेले डबे काणुम् पोंगलला, म्हणजे त्याच्या पुढच्या दिवशी, भेटायला आलेल्या मुलांसाठी उघडले गेले. ऊस मात्र राहिला. ऊस चावणे अत्तैंना सोडवत नाही, आणि मी तो आग्रह धरला नाही. चार कांड्यांऐवजी एक, आणि ती जेवणाला जोडून, एवढेच ठरले. पुढच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी थोडी खाली आली होती. त्यात पोंगलचा वाटा किती आणि राळ्यांच्या न्याहारीचा किती, हे वेगळे काढता येण्यासारखे नाही.

यशाने हुरूप येऊन सुनेने त्याच वर्षी दिवाळीच्या अधिरसमवर तोच प्रयोग करायचे ठरवले. अधिरसम हे आपल्या अनारशाचे तिकडचे भावंड आहे : ओलसर तांदळाचे पीठ गुळाच्या पाकात मुरवून तळतात आणि दोन झाऱ्यांमध्ये दाबून तेल काढतात. तिथे गूळ कमी करताच पीठ बांधले जाईना आणि जे तळले ते कडक झाले, कारण त्या पदार्थात गूळ गोडीसाठी नसून पिठाला धरून ठेवण्यासाठी आहे. पोंगलमध्ये जी मोकळीक होती ती अधिरसममध्ये नाही. तेव्हा अत्तैंनी कृतीला हात न लावता पेढ्याएवढे लहान अधिरसम केले आणि पीठ निम्मेच भिजवले.